पाठीवरचं छोटं झाकण

ता. ४ फेब्रुवारी, मंगळवार

सोने,

तुझ्या शिवानीचा रामराम. आजकाल कोण कागदावर लिहितंय, म्हणून हसू नगंस. माझ्याकडं मोबाईल न्हाय. दिवाळीत मी माहेरी आबांना फोन लावलाता, ते मोनाच्या पप्पांना कळलं, तवापास्नं त्येंनीच ठेवून घेतलाय.

ही चिठ्ठी अंगणवाडीच्या मीनाबाई पोचवतील. त्येंचे मालक दुधाच्या टेम्पोवर हायत, रोज कोल्हापूरला येत्यात. मोनाला अंगणवाडीत नेते तेवढंच माझं बाहेर पडणं. तू उत्तर लिहिलंस तर मीनाबाई खाऊच्या पाकिटात घालून देतील. ते पाकीट सासूबाई उघडत न्हाईत. त्येंना त्याचा वास चालत न्हाय.

तू लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात काउंटरला बसतीस असं मावशीनं मागं सांगितलंतं. म्हणून माझी मावसबहीण तू, तुलाच इचारते, दुसरं कोण न्हाय मला.

आमचा लॅपटॉप बंद पडलाय. मोनानं दूध सांडलं. आता चालूच हुईना. मोनाचे पप्पा म्हणत्यात, आदर्शकडं टाकतो. आदर्शचं इथं बिद्रीच्या रस्त्याला मोबाईलचं दुकान हाय, ह्येंचा दोस्त हाय त्यो. गावात कुणाच्या मोबाईलात कसले फोटो हायत ते त्याला पाठ हाय. दुरुस्तीला आलं की उघडून बघतो आणि जेवणाला बसलं की दोस्तांना दावतो. मोनाचे पप्पाच घरी येऊन हसत सांगत्यात, अमकीच्या फोनात हे निघालं, तमकीच्या फोनात ते निघालं.

त्या लॅपटॉपात माझं काय तर हाय. 'मोनाची गाणी' म्हणून फोल्डर हाय, त्याच्या पोटात ठेवलंय. काय हाय ते इचारू नगंस. आदर्शनं बघितलं तर मोनाच्या पप्पांना कळणार, आणि त्येंना कळलं तर माझं काय खरं न्हाय.

बंद मशीनमधनं ते काढता येतंय का? पुसून टाकायचं न्हाय. मला ते पायजे. लवकर लिही, रविवारी त्येंना सुट्टी असती, तवा नेणार.

तुझी
शिवानी


ता. ६ फेब्रुवारी, गुरुवार
कोल्हापूर

शिवे,

दुधाच्या टेम्पोवाल्यानं काउंटरवर येऊन "सोनम कोण?" असं विचारलं, हातात चिठ्ठी. सगळं दुकान माझ्याकडं बघाय लागलं. मला वाटलं माझं लग्न ठरलं आणि मलाच शेवटी कळतंय.

तुझं 'नेते, इचारते' वाचून हसलो. शाळेत तर माझ्यासारखंच 'मी जातो, मी मारतो' करायचीस. लग्न झालं आणि बाई झालीस.

आता एक सरळ विचारतो, राग धरू नको. कुणाचे फोटो हायत? तो अकरावीतला सायकलवाला अजून डोक्यात हाय का? मी कुणाला सांगत न्हाय. आमच्याकडं रोज येतात अशा बायका, मशीन देताना दोन्ही हातांनी धरून ठेवतात आणि म्हणतात, आत काय न्हाय हो, लेकराच्या शाळेचं हाय. कुणाचं काय असतंय, कुणाचं काय. आम्ही बघत न्हाय. पण सगळी दुकानं आमच्यासारखी न्हाईत, हे तुझं बरोबर हाय.

मशीन चालू असतं तर सोपं होतं. पेन ड्राईव्हवर कॉपी काढायची, मशीनवरचं पुसायचं आणि मग द्यायचं. आणि पासवर्ड द्यायचा न्हाय. लोकं तर पासवर्ड कागदावर लिहून चिकटपट्टीनं झाकणावर लावून देतात. कुलूप घालायचं आणि किल्ली तिथंच लोंबकळत ठेवायची, तसलं काम.

बंद मशीनला एकच इलाज. डिस्क काढून घे. डिस्क म्हणजे कपाट समज. तुझं जे काय हाय ते त्या कपाटात हाय. कपाट घरात राहिलं की आदर्शनं बाकीचं मशीन उलटं करून झटकलं तरी त्याला काय मिळत न्हाय.

आधी चार्जर काढ. मशीन पालथं घाल, पाठीला बॅटरी असती, तिचा खटका सरकवून ती बाजूला ठेव. मग पाठीवर छोटं झाकण दिसंल. त्याचे स्क्रू फिरव, झाकण उचल. आत चपटी वस्तू बसवलेली असती, ती हळू सरकवून बाहेर काढ. ओढू नको, सरकव. कापडात गुंडाळ आणि मीनाबाईंकडं दे, मी इथं सांभाळतो. झाकण परत लाव.

नवऱ्यानं विचारलं तर तुला काय ठाऊक न्हाय. दूध सांडलं, बंद पडलं, एवढंच.

आणि मोबाईल काढून घेतला म्हणजे काय गं? तू काय बारकी हायस? माग की परत.

सोनम


ता. १० फेब्रुवारी, सोमवार

सोने,

काढली. ह्या चिठ्ठीसंगं मोनाच्या जुन्या टोपड्यात गुंडाळून दिलीया. हिरवी पट्टी हाय, वर काळे चौकोन हायत. एवढ्याशा पट्टीत एवढं समदं कसं मावतंय देव जाणं. पाण्याबिण्यात ठेवू नगंस.

शनिवारी दुपारी सासूबाई भिशीच्या बायकांत गेलत्या. शिवणयंत्राचा पेचकस घेतला. मोनाला पुढ्यात बसवली, म्हणलं बाळा, आपण डबा उघडायचा खेळ खेळू. बॅटरी निघाली. झाकणाचे स्क्रू लई घट्ट, हाताला घाम, पेचकस निसटायला लागला. झाकण निघालं तर आत ती पट्टी. दोन्ही कडंला बारीक चिमटे हुते, ते बाजूला केल्यावर आपोआप वर आली. तू म्हणलीस तशीच सरकवली.

तेवढ्यात सासूबाई दारात. भिशी लवकर मोडली म्हणं. मी खाली बसलेली, पुढ्यात लॅपटॉप पोट उघडून पडलेला. त्यांनी लॅपटॉपकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणल्या, "पेचकस हुता त्या जागी ठेव, त्येला लागतोय." आणि आत जाऊन चहा ठेवला. त्यांनी काय ओळखलं, काय न्हाय, मला कळंना. संध्याकाळी मोनाच्या पप्पांना काय बोलल्या न्हाईत. अजून तरी न्हाईत.

काल आदर्शकडं नेला. आता मला जरा श्वास आलाय.

सायकलवाल्याचं काय न्हाय सोने. कुणाचंच काय न्हाय. आणि मोबाईल मागितलाता मी एकदा.

'मी जातो' म्हणलेलं ह्येंना चालत न्हाय, म्हणून सोडलं.

तुझी
शिवानी


ता. १२ फेब्रुवारी, बुधवार

सोने,

घाईत लिहिते, मीनाबाई दारात उभ्या हायत, मोनाला वजनाला न्यायला आल्यात म्हणून सासूबाईंना सांगितलंय.

मोठा घोळ झालाय. काल आदर्शचा फोन आला. त्यानं लॅपटॉप स्वतः उघडलाच न्हाय, मोठं काम हाय म्हणून कोल्हापूरला कुठल्या तर दुकानात धाडलाय. तिथल्या माणसानं सांगितलं, ह्यातला एक पार्ट गायब हाय. मोनाचे पप्पा भडकलेत. म्हणत्यात, त्या माणसानंच चोरला आणि उलटं आपल्यालाच सांगतोय. आज सकाळीच कोल्हापूरला गेलेत, संगं दोघंजण घेऊन.

कुठलं दुकान ते मला ठाऊक न्हाय. तुला कळतंय का बघ. त्या माणसाला काय झालं तर ते माझ्यामुळं.

शिवानी


ता. १३ फेब्रुवारी, गुरुवार
कोल्हापूर

शिवे,

बसून वाच.

ते दुकान आमचंच हाय. तुमच्या भागातली सगळी बारकी दुकानं अवघड मशीन आमच्याकडंच धाडतात. दुरुस्तीच्या कार्डावर आदर्शचं नाव, तुझ्या नवऱ्याचं न्हाय. मी स्वतः सोमवारी ते मशीन घेतलं, टेबलावर ठेवलं, कुणाचं हाय ते मला कळलं न्हाय.

मंगळवारी तुझं टोपडं आलं. काउंटरखाली उघडून बघितलं. ती डिस्क न्हाय शिवे. ती रॅम हाय. डिस्क कपाट, तर रॅम म्हणजे ओटा. काम करताना सामान मांडायला लागतो तो. काम झालं की ओटा रिकामा. तू ओटा उचलून धाडलास आणि कपाट मशीनमध्येच राहिलं. तुझी चूक न्हाय. पाठीवर दोन झाकणं असतात, एक बारकं, एक जरा मोठं. मी एकच लिहिलं. रोज हातात असतंय म्हणून सांगायचं राहून गेलं.

तुला लिहायला कागद घेतला तोवर आतनं कृष्णात ओरडला, "ह्या मशीनला रॅमच न्हाय की." कृष्णात म्हणजे आमचा दुरुस्तीवाला. मी उठून गेलो, मशीन बघितलं. 'मोनाची' म्हणून फुलाचं स्टिकर चिकटवलंय झाकणावर. तुझी पट्टी माझ्या पर्समध्ये, आणि कृष्णात फोनवर आदर्शला सांगतोय, पार्ट नव्हता म्हणून. मला तोंड उघडायला जमलं न्हाय. काय सांगू? माझ्याकडं कुठनं आली? ज्यानं विचारलं त्याला सगळंच सांगावं लागलं असतं.

काल तुझा नवरा आला. मी मास्क वर ओढला. लग्नात एकदाच बघितलंय त्यानं मला, ओळखलं न्हाय. कृष्णातची कॉलर धरली. "गरिबाचं सामान काढून विकतोस?" कृष्णात म्हणतोय, "पावणं, हात सोडा, मी उघडलं तवाच नव्हतं." संगं आलेल्यातल्या एकानं मोबाईलवर त्याचा व्हिडिओ काढला आणि तुझ्या नवऱ्यानं तिथंच उभं राहून ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, हा चोर हाय, ह्याच्याकडं मशीन देऊ नका. संध्याकाळपर्यंत तो कृष्णातच्या आईच्या फोनवर पोचला. मालक म्हणालेत, पुढच्या गुरुवारपर्यंत पार्ट सापडला तर बरं, न्हाईतर दुसरीकडं काम बघ.

तुझ्या नवऱ्यानं जाताना सांगितलंय, मशीन दुरुस्त करून घरी आणून द्यायचं. ह्या चोरानंच आणायचं, आणि दारात उभं राहून माझी माफी मागायची. मी व्हिडिओ काढणार, म्हणाला.

कृष्णात काल जेवला न्हाय. डबा तसाच परत घेऊन गेला. मी त्याच्या शेजारच्या खुर्चीवर बसून पट्टी पर्समध्ये घेऊन गप्प. मला आता स्वतःचीच लाज वाटाय लागलीया.

आणि एक. दूध सांडलेली मशीनं मी रोज बघतो. कीबोर्ड चिकट होतो, वास येतो. तुझ्या मशीनला दुधाचा थेंब लागलेला न्हाय. त्याचा कोपरा चेपलाय. बिजागरी तुटलीया. असं मशीन फेकल्यावर होतं.

कुणावर फेकलं शिवे?

तुझं कपाट आता आमच्या टेबलावर हाय. मी उघडलेलं न्हाय. तू सांगितल्याशिवाय उघडणार न्हाय.

सोनम


ता. १४ फेब्रुवारी, शुक्रवार

सोने,

माझ्यावर. खांद्याला लागला. मोना कडंवर हुती, तिला लागला न्हाय.

आता सांगतेच. मोबाईल गेल्यावर घरात लॅपटॉप तेवढा राहिला, मोना गाणी बघायची म्हणून. एक दिवस तिनं कुठलं तर बटण दाबलं आणि स्क्रीनवर आम्ही दोघीच दिसाय लागलो. बोललेलं पण त्यात राहतंय, ते नंतर कळलं. तवापास्नं मोनाचे पप्पा यायच्या येळेला मी लॅपटॉप फडताळावर उघडा ठेवायला लागले. मोनाचं गाणं लावायचं, पाठीमागं त्यो क्यामेरा चालू ठेवायचा. आणि जवा धरता आलं न्हाय तवा दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढं बसून सांगायचं, काल असं झालं. नावं फुलांची, फळांची दिली. कुणाला वाटावं गाणीच हायत.

पोलिसासाठी न्हाय. आबांसाठी. दोनदा माहेरी गेलते मी. जयसिंगपूरला यष्टीनं, मोनाला पोटाशी धरून. दोन्ही येळंला आबा म्हणाले, जावई मला देवमाणूस वाटतोय, तुझंच डोकं गरम हाय, आणि स्वतः आणून सोडलं. आई असती तर तिनं माझी पाठ बघितली असती. आबांना मी पाठ कशी दावू? म्हणून ते केलं. आबांनी एकदा बघावं, एवढ्यासाठी.

आता गेल्या दोन दिवसांचं. कोल्हापूरहून आल्यावर मोनाचे पप्पा लई खुशीत हुते. तो व्हिडिओ आम्हाला जेवताना दावला. कृष्णातचं तोंड बघितलं मी. मार खाताना माझं असंच हुत असंल.

परवापास्नं माझं अंगणवाडीला जाणं बंद केलंय. लॅपटॉपला घरात कुणी हात लावलाता, असं इचारलं मला. मी न्हाय म्हणले. सासूबाई शेजारी भाकरी थापत हुत्या, त्या पण न्हाय म्हणल्या. मग दाराला भाईरनं कडी घालून ड्यूटीला गेले, शेजारणीला सांगून, सासूबाईंपुरतीच काढायची. आता सासूबाईच मोनाला घेऊन मीनाबाईंकडं जात्यात, तुझं पाकीट बी त्येंनीच आणलं. ही चिठ्ठी वजनाच्या कार्डाखाली ठेवते. सासूबाईंनी बघितली तर बघितली.

सोने, माझं ऐक. कृष्णातला खरं सांग. मालकाला बी सांग. पट्टी दावून टाक. मोनाच्या पप्पांना कळू दे, बायकोनं काढली म्हणून. मला काय ते हुईल. मला सवय हाय, त्या माणसाला न्हाय. त्याची आई घराबाहेर पडत नसंल.

पण आधी कपाट उघड. मोनाची गाणी. आबांना बोलावून घे आणि दाव. तू बघू नगंस. तुझ्या डोळ्यांपुढं मला तशी ठेवू नगंस.

तुझी
शिवानी


ता. १७ फेब्रुवारी, सोमवार
कोल्हापूर

शिवे,

टेम्पो यायच्या आत लिहितो. नीट वाच आणि वाचून चुलीत घाल.

शनिवारी कृष्णातला सगळं सांगितलं. पट्टी त्याच्या हातात ठेवली. मला वाटलं खुर्ची फेकतोय. त्यानं ती टोपड्यात परत गुंडाळली. मग म्हणाला, "मालकाला सांगायचं न्हाय. मालकानं सांगितलं तर आदर्शला कळतंय, आदर्शला कळलं तर त्याला. पट्टी माझ्याच टेबलाखाली पडलीती, माझ्या वेंधळेपणानं, असं सांगतो." मी म्हणालो, तुझं नाव? तर म्हणतोय, "चोर म्हणण्यापेक्षा वेंधळा म्हणू दे. आईला खरं सांगीन, तेवढं बास."

मालकांना तसंच सांगितलं. मालकांनी त्याला घातल्या शिव्या, पण काम राहिलं.

डिस्क जोडून तुझ्या फोल्डरची कॉपी त्यानंच काढली. काढताना स्क्रीनकडं पाठ करून बसला, मला म्हणाला झालं की सांग. मोनाची गाणी सोडून आम्ही काय उघडलं न्हाय. मग मशीनमधलं तुझं तेवढं पुसलं, परत वर येणार न्हाय अशा रीतीनं. आता त्यात खरंच गाणीच हायत. स्क्रीन आतनं गेलीती, नवी बसवली, पट्टी जागेवर घातली.

काल रविवार, दुकान बंद. आबांना बोलावून घेतलं. पिशवीत मोनासाठी बोरं घेऊन आले. मला विचारतात, "शिवानीनं आणि काय काढलंय?" खुर्ची दिली, लावलं आणि बाहेर शटरपाशी जाऊन उभा राहिलो. मी बघितलं न्हाय शिवे. आवाज तेवढा आला. तुझा नवरा म्हणत होता, "जा की बापाकडं. तुझा बाप माझ्या बाजूचा हाय, त्यानंच आणून सोडलीया तुला."

आतनं आबांची हाक आली. मला वाटलं बंद कर म्हणणार. म्हणाले, "पुढचं कसं लावायचं ते दाव." मी म्हणालो आबा, एक बास हाय. तर म्हणाले, "मी दोनदा माघारी धाडलीया तिला. मला समदं बघू दे." आणि सगळं बघितलं. टोपी काढून गुडघ्यावर ठेवलीती. शेवटी उठले तेव्हा कृष्णातनं धरलं. त्याला विचारतात, "पोरा, तुलाच चोर म्हणाला का त्यो?" कृष्णात हो म्हणाला. आबा म्हणाले, "मला त्यो लई सभ्य वाटलाता."

आता ऐक. बुधवारी शिवजयंती, दुकान बंद. गुरुवारी सकाळी आम्ही मशीन घेऊन येतो. तुझ्या नवऱ्याला फोन केलाय, तो घरी थांबणार हाय, माफीसाठी. दार तोच उघडणार, कडी तोच काढणार. मी, कृष्णात आणि दुकानाची गाडी. आबा गाडीत बसतील. म्हणाले, "मी घरात आलो तर माझा हात उठंल आणि मग पोरीचं राहील बाजूला. मी गाडीचं दार उघडं धरून बसतो."

कृष्णात माफी मागणार, तुझा नवरा व्हिडिओ काढणार. मग तो म्हणणार, चालू करून दाव. मशीन जुनं हाय. बटण दाबलं की आधी काळं राहतं, मग गोल फिरत बसतो. किती मशीनं दिली असतील मी लोकांना, तो गोल फिराय लागला की घरातली सगळी माणसं त्याच्याकडंच बघत उभी राहतात. कुणी मान हलवत न्हाय. तो वेळ तुझा. मोनाला घे आणि दारातनं बाहेर ये. पिशवी नको, भांडं नको, कपडा नको. मोनाचा जन्मदाखला आणि तुझं आधारकार्ड तेवढं वजनाच्या कार्डाबरोबर मीनाबाईंकडं आधी धाड.

पळू नको. चालत ये. नळाला चाललीयास अशी.

सोनम


ता. १८ फेब्रुवारी, मंगळवार

सोने,

पाकीट मिळालं. सासूबाईंनीच आणून हातात दिलं. म्हणल्या, "ह्या आठवड्याचा खाऊ जरा जाड लागतोय, आत जाऊन उघड."

दाखला, आधारकार्ड मीनाबाईंकडं जातील, ह्याच चिठ्ठीसंगं.

मोनाचे पप्पा कालपास्नं खुशीत हायत. माफीच्या येळेला घालायला इस्त्रीचा शर्ट काढून ठेवायला सांगितलाय. मी काढून ठेवलाय. आदर्शलाबी बोलावणार हुते, पण त्याला कुठल्या तर लग्नाला जायचंय. मला रात्रभर एकच वाटत राहतं, मशीन पटकन चालू झालं तर. तू म्हणतीस वेळ लागतो. तुझ्यावर इश्वास ठेवला सोने, दोन झाकणांचं इसरलीस तरी.

आबांनी समदं बघितलं, हे मी परत परत वाचलं. मग चुलीत घातलं.

मघाशी माझी चप्पल उचलून आतनंच उंबऱ्याला लावून ठेवली, शेजारी मोनाची. गुरुवारी घालायला वाकावं लागू नये म्हणून. सासूबाई तिथंच तांदूळ निवडत बसल्यात. त्यांनी बघितलं. जरा वेळानं उठल्या, पायानं दोन्ही चपला फिरवल्या, तोंडं रस्त्याकडं केली, आणि परत जाऊन सुपापाशी बसल्या.

आबांना सांग, येतो मी.

शिवानी